बोगद्याला शिकवलेलं खोटं

अंकिताचा हात मशीनच्या बोगद्यातून बाहेर आला आणि पडद्यावर काहीच उमटलं नाही.

म्हणजे हात उमटला. कोपरापासून खांद्यापर्यंत, राखाडी, स्वच्छ, दुकानातल्या बाहुलीचा असावा तसा. खाली हिरव्या अक्षरांत ओळ आली: 'त्वचेखाली इजा आढळली नाही.'

आरोग्य उपकेंद्राच्या नेवरेकर सिस्टरनी चष्मा वर सरकवला, परत खाली घेतला. "परत घाल बघू हात."

परत घातला. परत तीच हिरवी ओळ.

"मग काय, मी खोटं बोलतेय?" अंकिताचा आवाज चढला. बावीस वर्षांची पोरगी. ह्याच हंगामात आंब्याच्या पॅकिंगला लागली होती. "सिस्टर, मागच्या शुक्रवारी नवऱ्यानं मला दाराच्या चौकटीवर आपटलं. त्याच्या आधी पाडव्याला. दोन दिवस माझा हात वर होत नव्हता, विचारा मावशीला."

सुलभा मावशी तिच्या मागेच उभी होती. पॅकिंगमधली सगळ्यात जुनी बाई. "होय की. पेटी उचलायला मीच जात होते हिच्याबरोबर. ह्या मशीनच्या डोळ्यात काय गेलं गो, वृषाली?"

वृषाली कळफलकासमोर बसली होती. पडद्याकडे बघतच नव्हती. स्वतःच्या बोटांकडे बघत होती.

"लेन्स पुसली सकाळी," ती म्हणाली. "सगळं नीट आहे."

नीटच होतं. बोगदा बिघडला नव्हता. त्याला जे शिकवलं होतं तेच तो सांगत होता. आणि त्या सगळ्या शेडमध्ये एकट्या वृषालीला माहीत होतं की त्याला ते कुणी शिकवलं.

•

आंब्याच्या धंद्यात नसलेल्यांना साका म्हणजे काय ते सांगायला लागेल. हापूस बाहेरून सोन्यासारखा दिसतो. कापला की आत कोयीजवळ पांढरट, भुसभुशीत, आंबट गर निघतो. तो साका. बाहेरून काही म्हणजे काही कळत नाही. परदेशात गेलेल्या गाडीत तो निघाला की पुढच्या वर्षी ते गिऱ्हाईक फिरकत नाही. म्हणून रत्नागिरीच्या दक्षिणेला, खाडीच्या अंगाला असलेल्या विचारे शेठच्या पॅकहाऊसमध्ये पारखी ठेवलेला असायचा.

पारखी म्हणजे वृषालीचा नवरा. हर्षद आग्रे.

हर्षद आंबा तळव्यावर तोलायचा, देठाजवळ नखानं टिचकी मारायचा, कानाशी धरायचा. "साका," म्हणायचा आणि बाजूला टाकायचा. दहातले आठ बरोबर. हंगामात चार-चार बागायतदार त्याला न्यायला जीप पाठवायचे. जेवायला शेठच्या पंगतीत पान. वृषाली तेव्हा पॅकिंगमध्ये आंब्याला कागद गुंडाळायची, आणि तिला सगळे 'पारख्याची बायको' म्हणूनच ओळखायचे. तिला त्यात काही कमीपणा वाटायचा नाही. उलट भारी वाटायचं.

तीन वर्षांपूर्वी शेठनी बोगदा आणला.

पट्ट्यावरून आंबे जातात, मध्ये दीड हात लांबीची काळी पेटी. आत चाळीस वेगवेगळ्या रंगांचे दिवे, त्यातले अर्धे तांबड्याच्याही पलीकडचे, डोळ्यांना न दिसणारे. हा प्रकाश सालीवर थांबत नाही. बोटाच्या पेराएवढा आत शिरतो, गरात इकडेतिकडे विखुरतो आणि थोडा परत बाहेर येतो. आत साखर असेल तर रंगांचा एक पट्टा कमी होऊन येतो, पिष्ट राहिलं असेल तर दुसरा, पाणी असेल तर तिसरा. कुठला रंग आतच राहिला हे बघून मशीन आतलं चित्र काढतं. न कापता.

पहिल्या दिवशी शेठनी पैज लावली. दोनशे आंबे. आधी हर्षदनं सांगायचं, मग बोगद्यानं, मग सगळे कापायचे. शेडमधल्या सगळ्या बाया हात थांबवून बघत होत्या. बोगदा चार ठिकाणी चुकला. हर्षद सदतीस.

हर्षद स्वतःच आधी हसला. "चला, माझ्या कानाला सुट्टी मिळाली."

शेठनी त्यालाच आधी विचारलं होतं, बोगदा चालवशील का. तो म्हणाला, "मी बटणं दाबू?" मग बारावी सायन्स झालेली शेडमध्ये एकच होती. दोन महिने तिनं ते शिकून घेतलं. पारख्याची बायको 'मॅडम' झाली. पगार हर्षदच्या चांगल्यातल्या चांगल्या हंगामापेक्षा दुप्पट, आणि तो बारा महिने.

पहिल्यांदा हात उठला तो दिवस तिला लख्ख आठवतो. देवगडकडचा एक बागायतदार घरी आला होता. हर्षद ओसरीवरच बसला होता. त्या माणसानं त्याला ओळखलं नाही. त्याच्या खांद्यावरून आत बघत विचारलं, "मॅडम आहेत का घरात?"

तो माणूस चहा पिऊन गेला. हर्षदनं कप आत आणून ठेवले. विसळलेसुद्धा. मग वळला, तिचं मनगट पकडलं आणि तिच्या दंडावर मारलं.

•

त्यानंतर आठवड्याभरात पट्ट्यावर एक आंबा अडकला. वृषालीनं सवयीनं आत हात घातला आणि तो सोडवला. बोगदा बंद पडला. लाल दिवा, भोंगा. 'दबलेलं फळ.'

पडद्यावर तिचा हात होता. मनगटापासून वर चार बोटांचे ठसे, त्यावर अंगठा. सालीखाली दबलेला गर दाखवावा तसे.

कातडीखाली रक्त सांडलं की त्याचा रंग एकसारखा राहत नाही. आधी लाल-निळं. मग ते रक्त फुटत जातं, त्यातून हिरवा रंग तयार होतो, हिरव्याचा पिवळा, आणि सगळं गेलं तरी लोहाचे बारीक कण दोन-तीन महिने मागे राहतात. सावळ्या कातडीवर डोळ्याला यातलं फारसं दिसत नाही. चाळीस रंगांच्या प्रकाशाला सगळं दिसतं. कुठला डाग कालचा आणि कुठला गेल्या महिन्यातला, तेही.

बोगदा शिकणारा होता. त्याला ओळखू न आलेली वस्तू दिसली की तो चालवणाऱ्याला विचारायचा: हे काय आहे? पान असेल तर पान सांगायचं, देठ असेल तर देठ. पुढच्या वेळी तो विचारत नसे.

तेव्हा शेडमध्ये बाकीच्या बाया पाणी प्यायला गेल्या होत्या. पडद्यावर प्रश्न लुकलुकत होता.

वृषालीनं टाइप केलं: 'फळ नाही. सावली. दुर्लक्ष कर.'

बोगद्यानं ऐकलं. पुढच्या खेपेला थोडं वेगळं दिसलं म्हणून परत विचारलं, तिनं परत तेच सांगितलं. दोन हंगामांत असं तीसेक वेळा झालं असेल. नंतर त्यानं विचारणं सोडून दिलं. माणसाच्या कातडीखाली डाग दिसला की ती सावली, आणि सावली पुसून टाकायची, हे त्याला पक्कं समजलं.

ह्या वर्षी आरोग्य खात्याची नवी योजना आली. अशा बोगद्यांवरच बायांच्या अंगावरच्या मारहाणीच्या इजांचा नकाशा काढायचा. आंब्याच्या प्रोग्रामवरच दुसरा प्रोग्राम बसवला, तारखा सांगणारा. त्या नकाशाला कोर्टात डॉक्टरच्या दाखल्याचा मान. बाईला दवाखान्यात जायला नको, कारण दवाखान्यात गेलेली बाई अख्ख्या गावाला दिसते. कामावर गेलेली बाई कुणालाच दिसत नाही. दुपारी पट्टा थांबला की सिस्टर यायच्या, ज्या बाईला वाटेल तिनं हात घालायचा.

चांगली योजना होती. तीन आठवड्यांत सात बायांनी हात घातले. सातही हात स्वच्छ निघाले. आठवी अंकिता. आणि लेखी तक्रार करणारी ती पहिलीच.

•

"बाया मशीनमध्ये हात घालतात म्हणे तुमच्या," हर्षद संध्याकाळी म्हणाला. तो मासे साफ करत होता. बांगडे त्यानंच आणले होते. हे तो नेहमी करायचा, आणि छान करायचा.

"सरकारची योजना आहे."

"तू घातलास?"

"मी चालवते. मी कशाला घालू?"

"ते पण खरं." त्यानं बांगड्याचं पोट एका रेषेत फाडलं. "पारख्याला कोण पारखणार. मला तरी कोण विचारायचं, सांग."

ती तांदूळ धूत राहिली. तेवढ्यात तिचा फोन वाजला. शेठ. उद्याची गाडी दोन तास आधी निघणार होती. ती उभ्या उभ्या बोलली, "हो शेठ, करते शेठ, नाही, मी बघते ना." फोन ठेवून वळली तर हर्षद हात धुऊन मागे उभा होता.

"करते शेठ," तो म्हणाला. तिच्याच आवाजात.

"अहो, गाडीचं होतं."

"माझ्याशी बोलताना आवाज असा गोड येत नाही कधी."

त्यानं तिचा डावा दंड धरला. ओरडला नाही. तो कधीच ओरडायचा नाही, शेजारी कुणी काही ऐकलेलं नव्हतं. फक्त दाबत गेला. त्याच्या हातात अजून पारख्याचं कसब होतं. किती दाबलं म्हणजे वरून काही दिसत नाही, हे त्याला बरोबर ठाऊक होतं.

मग सोडला. गॅस लावला. "तिखट किती घालू?" त्यानं विचारलं.

रात्रीच्या जेवणाला वृषालीनं बांगडा खाल्ला. चांगला झाला होता. हीच गोष्ट तिला कुणाला समजावता आली नसती. तो वाईट माणूस नव्हता असं तिला अजूनही वाटायचं. त्याचं काहीतरी तिनं काढून घेतलं आणि आता ते तिच्या अंगावरून वसूल होतंय, असंच तिला वाटायचं. आणि तक्रार केली असती तर गाव काय म्हणालं असतं तेही तिला शब्दान् शब्द पाठ होतं. आधी त्याचं काम खाल्लं, आता त्याला जेलात घालतेय.

•

"शुक्रवारी फाइल बंद होणार," सिस्टर दुसऱ्या दिवशी म्हणाल्या. दोघी रिकाम्या क्रेटवर बसल्या होत्या. सिस्टरनी डब्यातली अर्धी भाकरी तिच्याकडे सरकवली. "महिला संरक्षण अधिकाऱ्याला मी फोन केला. म्हणतात, नकाशा स्वच्छ आहे तर मी काय करू. तक्रार निकाली. नियमाप्रमाणे दोन्ही पक्षांना पत्र जाणार."

"दोन्ही?"

"अंकिताच्या नवऱ्याला पण. त्याला अजून माहीतच नाही तिनं तक्रार केली ते. शनिवारी पत्र हातात पडलं की कळेल. आणि पत्रात लिहिलेलं असेल, इजा आढळली नाही." सिस्टर पाणी प्यायल्या. "पोरीला जायला जागा नाही. आई नाही, भाऊ दारात उभी करत नाही. मजुरी नवरा हातातून काढून घेतो. शनिवारी ती त्याच्याच घरात असणार."

वृषालीनं हातातली भाकरी डब्यात परत ठेवली.

"मला त्या सात हातांचंही कोडं पडलंय," सिस्टर पुढे म्हणाल्या. "ह्या भागात मला सव्वीस वर्षं झाली. सातातल्या निदान तिघी मार खातात हे मला ठाऊक आहे. मशीन येण्याआधी आम्ही म्हणायचो, बाया पुराव्याअभावी येत नाहीत. आता पुरावा फुकट झाला, तर ही तऱ्हा. पण तुला खरं सांगू? पुरावा हे निम्मं कारण होतं. जिच्या हातात काहीच नाही ती येत नाही, कारण जाणार कुठं. आणि जी नवऱ्यापेक्षा जास्त मिळवते, ती तर मुळीच येत नाही."

"का?" वृषालीनं विचारलं.

"तिला वाटतं, मिळवणं हाच आपला गुन्हा. तो त्याची शिक्षा देतोय, तर ती सोसावी. दोघं साधारण सारखं मिळवतात ना, त्या घरातली बाई पहिल्या-दुसऱ्या वेळीच धावत येते माझ्याकडे. ह्या दोन टोकांच्या नाही येत." सिस्टरनी डब्याचं झाकण लावलं. "आणि आमचंही चुकतं. मिळवत्या बाईला आम्ही विचारतच नाही. ती काय, समर्थ आहे, असं म्हणून पुढं जातो."

बोलताना त्या तिच्याकडे बघत नव्हत्या. मुद्दाम बघत नव्हत्या की सहज, हे वृषालीला कळलं नाही.

सिस्टर गेल्यावर तिनं कौस्तुभला फोन लावला. बोगदा बसवायला आलेला इंजिनियर मुलगा. आधी तिनं स्वतःच सगळ्या जुन्या नोंदी पुसून बघितल्या होत्या. बोगद्याला काही फरक पडला नव्हता.

"पडणारच नाही मॅडम," कौस्तुभ म्हणाला. "नोंद पुसली तरी शिकलेलं जात नाही. ते सगळीकडे मिसळलेलं असतं, दुधात विरजण मिसळावं तसं. त्याच्यावर खरं शिकवायला लागतं."

"कसं?"

"दहा-एक खऱ्या खुणा लागतील. वेगवेगळ्या दिवसांच्या, आणि प्रत्येकीची पक्की तारीख. एकाच माणसाच्या अंगावरच्या असतील तर सोन्याहून पिवळं. तारीख त्या माणसानं स्वतः सांगायची, दोन साक्षीदारांसमोर, नाहीतर कोर्ट धरणार नाही. आणि हां, जिचा नकाशा काढायचाय तिचाच हात शिकवायला चालणार नाही. दुसरंच कुणीतरी हवं." तो थांबला. "पण मॅडम, असं माणूस तुम्हाला मिळणार कुठं?"

"बघते," वृषाली म्हणाली.

"आणि ते 'सावली' कुणी शिकवलं त्याला? लॉगिन तर एकट्या तुमचं आहे."

"बघते, कौस्तुभ."

•

शुक्रवारी साडेतीनला पट्टा थांबला. वृषालीनं सिस्टरना, अंकिताला आणि सुलभा मावशीला थांबवून घेतलं. बाकीच्या बाया हात धुवायला नळावर गेल्या होत्या. दार तिनं लावलं नाही. लावायचं ठरवलं होतं, पण लावलं असतं तर धीर गेला असता.

"बोगदा खोटं बोलतोय," ती म्हणाली. "मी शिकवलंय त्याला. मुद्दाम. आज परत शिकवायचंय."

तिनं डाव्या बाहीचं बटण काढलं. मनगटावरचं. मग बाही वर गुंडाळत गेली. कोपर. दंड. खांद्यापर्यंत.

डोळ्याला तसं थोडंच दिसत होतं. दंडावर ताजा निळसर पट्टा, बाकी कुठे कुठे पिवळट. अंकिताच्या तोंडून "ताई" एवढंच निघालं.

वृषालीनं हात आत घातला. उजव्या हातानं 'शिकवा' दाबलं. बोगद्यानं बऱ्याच दिवसांनी पहिला प्रश्न विचारला. पडद्यावर दंडाचा एक तुकडा चौकटीत आला. हे काय आहे?

"इजा," तिनं टाइप केलं.

केव्हाची?

"बुधवार संध्याकाळ," ती मोठ्यानं म्हणाली. सिस्टरनी लिहायला घेतलं. पेन सापडायला त्यांना जरा वेळ लागला.

दुसरी चौकट.

"ही... दुबईची दुसरी गाडी गेली त्या दिवशी. सकाळी."

"तारीख लागते बाय," सिस्टर हळूच म्हणाल्या.

"चौदा," सुलभा मावशी म्हणाली. ती भिंतीवर टांगलेलं गाड्यांचं रजिस्टर काढायला गेलीच होती. पान उलटून तिनं बोट ठेवलं. "दुसरी दुबई चौदा एप्रिल. पुढं बोल."

"लंडनचा माल परत आला त्याच्या आदल्या दिवशी."

"तीस मार्च."

"पहिली पेटी वाशीला गेली तेव्हा."

"अकरा मार्च."

ती गाड्या सांगत गेली, मावशी तारखा. पॅकहाऊसमधल्या बाया दिवस असेच लक्षात ठेवतात. कुठल्या दिवशी कुठला माल निघाला त्यावरून. दहा चौकटी झाल्या. मधेच नळावरच्या दोघी आत आल्या, दारातच थांबल्या, आणि कुणी त्यांना जा म्हटलं नाही.

शेवटची चौकट मनगटाची होती. लोहाचे चारच कण. "ही अठरा फेब्रुवारी," ती म्हणाली. "त्या दिवशी गाडी नव्हती. माझा वाढदिवस होता."

बोगद्याचा पंखा थोडा वेळ घुमला. मग पडद्यावर राखाडी हातावर एकेक करून रंग भरत गेले. लाल, हिरवे, पिवळे, करडे. प्रत्येकाशेजारी तारीख. मावशीनं रजिस्टर पडद्याशेजारी धरून एकेक ताडून बघितली. बरोबर होत्या सगळ्या.

वृषालीनं हात बाहेर काढला. "मे महिन्यात लांब बाह्या घालते म्हणून हसत होतात ना तुम्ही मला?" ती म्हणाली. "मॅडमची फॅशन म्हणून."

"आम्ही हसत होतो," मावशी म्हणाली. "पण आम्हाला ठाऊक होतं गो."

"काय?"

"सगळं नाही. तू पाटी उचलताना डावा हात वापरत नाहीस, ते दिसायचं. आपसात बोलायचो. पण तुला विचारणार कोण? तू मॅडम. आम्ही म्हटलं, हिला काय, ही उद्या मनात आणलं तर वेगळं घर करेल. आपण विचारायला गेलो तर हिचाच अपमान." मावशीनं रजिस्टर छातीशी धरलं. "चुकलंच आमचं."

वृषाली खुर्चीवरून उठली आणि अंकिताला जागा दिली. "घाल हात."

अंकितानं घातला. ह्या वेळी चित्र भरायला वेळ लागला नाही. खांद्यामागे मोठा हिरवा डाग. मागचा शुक्रवार. त्याच्या खाली करडा. पाडवा. आणि खाली अजून तीन, जे तिनं सांगितलेच नव्हते.

"बरोबर?" वृषालीनं विचारलं.

अंकितानं मान हलवली. ती रडत होती, पण चेहरा सुटलेला होता. पुन्हा पुन्हा पडद्याकडे बघत होती. "बघा," ती कुणाला तरी सांगत होती. "बघा, मी सांगत होते."

सिस्टरनी नकाशा तिथूनच अधिकाऱ्याला पाठवला आणि लगेच फोन लावला. चार वाजून दहा मिनिटांनी उत्तर आलं. फाइल बंद होणार नाही. पत्र जाणार नाही. अंकिताला आजच रत्नागिरीच्या आधारगृहात जागा, गाडी सिस्टरच्या उपकेंद्रातून.

"आणि हा?" सिस्टरनी वृषालीचा नकाशा पडद्यावर आणला. खाली दोन चौकोन होते. पाठवा. नको. "शिकवण्यासाठी घेतला तेवढ्यापुरता ठेवायचा, की..."

वृषालीनं पाठवा दाबलं. फार वेळ लावला नाही. कठीण होतं ते होऊन गेलं होतं, असं तिला वाटलं.

"मग आता आज घरी जाऊ नकोस," सिस्टर म्हणाल्या. "आधारगृहात एकच जागा होती, ती हिला गेली. पण तुझं तसं अडणार नाही. चार दिवस लॉजवर राहा, नाहीतर खोली घे. तुझ्याकडे काय, पैसे आहेत."

अकरा तारखा तिनं मोठ्यानं सांगितल्या होत्या. हे तोंडातून निघेना. कुठल्याच प्रकाशात हे दिसलं नसतं. तिला खाली बघूनच बोलायला लागलं.

"नाहीत," ती म्हणाली. "पगार हर्षदच्या फोन नंबरावर, त्याच्याच खात्यात जातो. पहिल्यापासून. तो पारखी होता तेव्हाचाच नंबर शेठकडे होता, तोच चालू राहिला. मला लागेल तेवढे मी त्याच्याकडून मागून घेते. आज माझ्याकडे चाळीस रुपये आहेत."

अंकिता डोळे पुसता पुसता थांबली. तीन वर्षं शेडमधली प्रत्येक बाई हिच्या पगारावर जळत होती.

"माझ्याकडे चल," सुलभा मावशी म्हणाली. "दोन खोल्या आहेत. म्हातारा कुरकुर करेल, करू दे, त्याला दुसरा उद्योग नाही. पण भांडी घासायला लागतील हां, मॅडम. सवय आहे ना?"

दारातल्या दोघींपैकी एक फिस्सकन हसली. मग वृषालीही हसली, आणि हसता हसताच तिला पहिल्यांदा रडू आलं.

तोंड धुऊन ती शेठच्या ऑफिसकडे निघाली. बाही खाली करायचं तिच्या लक्षात राहिलं नाही.

विचारे शेठ बिलांवर शिक्के मारत होते. "काय गं, बोगदा बरा आहे ना?"

"बरा आहे. शेठ, माझा पगार ह्या महिन्यापासून माझ्या नंबरावर घाला. कागद द्या, लिहून देते."

शेठनी शिक्का हवेतच धरला. त्यांनी तिच्या दंडाकडे बघितलं, लगेच नजर काढून घेतली, टेबलावरच्या पंख्याकडे नेली. ते वाईट माणूस नव्हते. हर्षदला त्यांनी आपल्या पंगतीत जेवायला घातलं होतं.

"ते करू की," ते म्हणाले. "पण हर्षदला विचारलंस का?"

पाच वाजले की हर्षद तिला न्यायला येतो. बाहेर फाटकाशी त्याच्या गाडीचा हॉर्न वाजला. एकदा. जरा थांबून परत एकदा, लांब.

वृषालीनं टेबलावरचा पेन उचलला, शेठच्या समोरचं एक कोरं बिल उलटं करून आपल्याकडे ओढलं.

"नाही विचारलं," ती म्हणाली, आणि आपला नंबर लिहायला लागली.